ॲप मोबाइलमध्ये टाकलं की फोटो, आवाज, यादी गायब : तपासणी कुठून सुरू करायची

"भाऊ, कंप्युटरवर सगळं दिसते, मोबाइलमधी टाकलं का फोटोच दिसून नाही राहिले." दर दोन-तीन महिन्यांनी कोणी तरी हेच वाक्य घेऊन माझ्या दुकानात येतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. टायपिंग, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म ही रोजची कामं. त्याच्या जोडीला एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टवर छोटी ॲप बनवून देतो, दुसऱ्यांनी बनवलेली दुरुस्तही करतो. कपाशीवरच्या किडींची ओळख, बचत गटाचा हिशेब, शाळेचा चित्रशब्दकोश, अशी ही ॲप. ती बनवण्यामागचं कारण जवळपास सारखंच असतं : नेटवर्क नसेल तिथे माहिती हाताशी असावी. वावरात, मेळघाटातल्या ढाण्यावर, गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावर. म्हणून फोटो, आवाज आणि माहितीच्या फाइल ॲपच्या आतच भरून द्याव्या लागतात. आणि नेमक्या त्याच फाइल ॲपला सापडत नाहीत.

हा बिघाड मी अनेकदा काढला आहे. प्रत्येक वेळी कारण नवं वाटतं, पण निघतं त्याच पाच-सहांपैकी एक. खाली मी ज्या क्रमाने बघतो तोच क्रम दिला आहे. फुकट आणि दोन मिनिटांचं आधी, कोडला हात लावणं शेवटी. क्रम मोडू नका. नावातल्या एका कॅपिटल अक्षरासाठी लोकांनी अख्खं ॲप नव्याने लिहिलेलं मी पाहिलं आहे.

लक्षणं

आधी कागद घ्या आणि नेमकं काय दिसतं ते लिहा. "चालून नाही राहिलं" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

ॲप उघडल्यावर नुसता पांढरा पडदा येतो का? मजकूर दिसतो पण फोटोच्या जागी तुटक्या चित्राची खूण येते का? सगळेच फोटो जातात की ठरावीकच? फोटो दिसतात पण यादी रिकामी राहते, असं आहे का? हे वेगळं लक्षण आहे आणि त्याचं कारणही वेगळं. दुकानात वायफायवर चालतं आणि वावरात बंद पडतं का? एका मोबाइलवर चालतं, दुसऱ्यावर नाही? कालपर्यंत चालत होतं, अपडेट टाकल्यावर बंद पडलं? वापरणाऱ्याने गॅलरीतून निवडलेला फोटो दिसत नाही? आणि यातलं सगळ्यात गंभीर : अपडेटनंतर ॲप उघडतं, फोटोही दिसतात, पण लोकांनी आत लिहून ठेवलेल्या जुन्या नोंदी दिसत नाहीत. हे शेवटचं लक्षण असेल तर इथेच थांबा, कोणालाही ॲप अनइन्स्टॉल करू देऊ नका, आणि थेट "पत्ता" या मथळ्याखालचं वाचा.

फ्लाइट मोड

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. वायफाय वेगळा चालू राहिला नाही ना ते बघा. ॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजवर जाऊन फक्त "क्लिअर कॅशे" करा. शेजारीच "क्लिअर डेटा" किंवा "क्लिअर स्टोरेज" असतं, त्याला हात लावायचा नाही, त्याने लोकांच्या नोंदी पुसल्या जातात. मग ॲप पूर्ण बंद करून नव्याने उघडा.

हे पहिलं का, तर आपण ज्या फाइलला "आतली" समजतो ती कित्येकदा आत नसतेच. ॲप बनवणाऱ्याने बूटस्ट्रॅप, जेक्वेरीसारखा तयार कोड किंवा मराठी फॉन्ट नेटवरच्या पत्त्याने जोडलेला असतो. दुकानात वायफाय असतो, सगळं छान दिसतं. कॅशे पुसायचं कारणही तेच : एकदा नेटवरून आलेली फाइल मोबाइल जपून ठेवतो आणि मग नेट नसतानाही काही दिवस तीच दाखवतो. तुम्हाला वाटतं ॲप ऑफलाइन चालतं, आणि आठवड्याने फोन येतो. फ्लाइट मोडमध्ये बिघडलं आणि नेटवर चाललं, तर कोडमध्ये एचटीटीपी शोधा, बाहेरून येणारी प्रत्येक फाइल उतरवून ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि जोडणी तिकडे वळवा. काम संपलं.

दुसरा मोबाइल

तेच ॲप शेजारच्याच्या मोबाइलवर टाकून बघा. एकाच मोबाइलवर बिघाड असेल तर दोष बहुधा त्या मोबाइलचा, सगळ्यांवर असेल तर ॲपचा. हे कळलं की निम्मी शोधाशोध वाचते.

दोष मोबाइलचा असेल तर आधी जागा बघा. गावाकडच्या बऱ्याच मोबाइलमध्ये स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं, त्यात पहिल्यांदा उघडताना फाइल उतरवून ठेवणारं ॲप मध्येच अडकतं. मग प्ले स्टोअरवर "अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू" आणि क्रोम अपडेट करा. आपलं ॲप म्हणजे खरं तर एक वेब पान, आणि ते दाखवणारी खिडकी म्हणजे हा वेबव्ह्यू. मार्च २०२१ मध्ये त्याच्याच एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभर असंख्य ॲप उघडताच बंद पडत होती आणि नवं अपडेट आल्यावर ती सुरळीत झाली. जुन्या वेबव्ह्यूची आणखी एक अडचण आहे. जावास्क्रिप्टची नवी लिहिण्याची पद्धत त्याला वाचता येत नाही. उदाहरणार्थ प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहायची सोय क्रोम ८० पासून आली. त्याआधीच्या वेबव्ह्यूला ती दिसली की तो अख्खी फाइल सोडून देतो आणि पडदा पांढरा राहतो. फाइल सापडत नाही असं वाटतं, पण ती सापडलेली असते, वाचता आलेली नसते.

नाव

आता ज्या कारणाने सगळ्यात जास्त वेळा बिघाड झालेला मी पाहिला त्याकडे येतो.

धारणीकडचे एक गुरुजी त्यांच्या शाळेसाठी कोरकू-मराठी चित्रशब्दकोश बनवून घेऊन आले होते. फोटो स्वतः काढलेले, आवाज पोरांचे. म्हणाले, "भाऊ, मोहाचं फूल दिसते, बैलगाडी नाही दिसत. दोन्ही एकाच फोल्डरमधी हायेत. काहून?" मी त्यांच्या लॅपटॉपवर फोल्डर उघडलं. दोन्ही फाइल होत्या. मग फाइलच्या नावांचं शेपूट दाखवायची विंडोजची सोय चालू केली. मोहाच्या फुलाच्या शेवटी जेपीजी ही तीन अक्षरं स्मॉल होती, बैलगाडीच्या शेवटी कॅपिटल. फूल मोबाइलने टिपलेलं होतं, बैलगाडी शाळेतल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याने. असे कॅमेरे नाव कॅपिटलमध्येच देतात. कोडमध्ये मात्र सगळीकडे स्मॉल. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल एकच वाटतं, म्हणून लॅपटॉपवर दोन्ही फोटो दिसायचे. अँड्रॉइडला ती दोन वेगळी नावं आहेत. मोबाइलच्या लेखी बैलगाडी तिथे नव्हतीच.

काही फोटो दिसतात, काही नाही, असं लक्षण असेल तर मी दुसरं काही बघतच नाही, थेट नावांकडे जातो. बघायच्या गोष्टी अशा. कॅपिटल-स्मॉल, नावात आणि शेपटातही. नावात मोकळी जागा आहे का. देवनागरीत नाव दिलंय का. मराठीवर माझं प्रेम आहे, पण फाइलचं नाव इंग्रजी स्मॉल अक्षरांत, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यातच ठेवा, कारण काही अक्षरं एका यंत्रावर एका तऱ्हेने साठतात आणि दुसऱ्यावर दुसऱ्या, डोळ्याला मात्र दोन्ही सारखीच दिसतात. शेपूट दोनदा लागलंय का, म्हणजे जेपीजी डॉट जेपीजी. विंडोज मुळात शेपूट लपवून ठेवतो, म्हणून नाव बदलताना आपण पुन्हा जेपीजी लिहितो. कोडमध्ये फोल्डर आणि फाइलच्या मध्ये उलटी तिरपी रेघ आलीय का. ती विंडोजची सवय, वेबच्या पत्त्यात सरळ स्लॅशच लागतो.

आणि एक छुपं कारण, ज्यात माझे दोन दिवस गेले होते. फोल्डरच्या नावाची सुरुवात अंडरस्कोअरने असेल तर अँड्रॉइडचं पॅकिंगचं साधन ते फोल्डर ॲपमध्ये भरतच नाही. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलही ते सोडून देतं. ही त्याची ठरलेली पद्धत आहे, कुठेही लाल अक्षरांत चूक दाखवत नाही. काही तयार साधनं आपलं फोल्डर अंडरस्कोअर लावूनच तयार करतात, तेव्हा अख्खं ॲप पांढरं पडतं. फोल्डरचं नाव बदला, किंवा ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या सेटिंगमध्ये हा वगळण्याचा नियम बदला. नाव बदलणं सोपं.

एपीके उघडून बघा

नावं ठीक असतील तर पुढचा प्रश्न : फाइल ॲपमध्ये गेली तरी आहे का? यावर वाद घालण्यापेक्षा आत बघावं. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये टाकायची ॲपची फाइल, आणि ती खरं तर झिप फाइलच. तिची एक प्रत करा, शेवटचं एपीके काढून झिप लिहा आणि उघडा. आत "ॲसेट्स" नावाचं फोल्डर दिसेल. कॉर्डोव्हा आणि कपॅसिटर ही वेब पानाचं ॲप करून देणारी साधनं. कॉर्डोव्हाने बनवलं असेल तर त्यात "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू", कपॅसिटरने बनवलं असेल तर "पब्लिक". त्यात तुमचा फोटो शोधा.

नसेल, तर कोडमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही. बहुतेक वेळा मधली नक्कल करायची पायरी राहिलेली असते. आपण फाइल आपल्या मूळ फोल्डरमध्ये टाकतो, पण ॲप बनतं ते अँड्रॉइडच्या वेगळ्या फोल्डरमधून. कपॅसिटरमध्ये "कॅप सिंक" आणि कॉर्डोव्हामध्ये "प्रिपेअर" ही आज्ञा चालवल्यावरच फाइल तिकडे जातात. घाईत अँड्रॉइड स्टुडिओचं हिरवं बटण थेट दाबलं की जुन्याच फाइल घेऊन ॲप तयार होतं. कपॅसिटरच्या सेटिंगमध्ये "वेबडिर" चुकीच्या फोल्डरकडे असेल तरीही हेच होतं.

फाइल आत आहे पण दिसत नाही, मग पुढे.

सुरुवातीचा स्लॅश

पत्ता स्लॅशने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ "अगदी मुळापासून". नेटवर मूळ म्हणजे तुमची साइट. पण पान फाइलच्या पत्त्याने उघडलेलं असेल तर मूळ म्हणजे अख्ख्या मोबाइलचं मूळ, आणि तिथे तुमचं "इमेजेस" फोल्डर नाही. सुरुवातीचा स्लॅश काढा. रिॲक्ट किंवा व्ह्यूसारख्या साधनांत बांधणी करताना मूळ पत्ता ठरवायची सेटिंग असते, तिथे टिंब-स्लॅश द्या. दोन मिनिटांचं काम.

मोबाइलला बोलतं करा

इथपर्यंत हाती लागलं नाही तर अंदाज बांधणं थांबवा. मोबाइल स्वतः कारण सांगतो, फक्त ऐकायची सोय करावी लागते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये "अबाउट फोन"मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. केबलने मोबाइल कंप्युटरला जोडा, क्रोममध्ये पत्त्याच्या जागी "क्रोम", मग विसर्गासारखी दोन टिंबं, दोन स्लॅश आणि "इन्स्पेक्ट" असं लिहा. तुमचं ॲप यादीत दिसलं की त्यावर दाबा आणि "कन्सोल" उघडा. मोबाइल यादीत आलाच नाही तर आधी केबल बदला. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबल पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात माहितीची तारच नसते.

यासाठी ॲपची डीबग प्रत, म्हणजे तपासणीसाठी बनवलेली प्रत लागते, प्ले स्टोअरवरची प्रत इथे दिसत नाही. डीबग प्रतीची सही वेगळी असते, त्यामुळे ती जुन्या ॲपवर बसत नाही, आधी जुनं काढावं लागतं. म्हणून ज्या मोबाइलमध्ये लोकांच्या नोंदी आहेत त्यावर हे करू नका. आपला वेगळा मोबाइल ठेवा.

कन्सोलमधली लाल ओळ वाचा. "फाइल नॉट फाउंड" किंवा ४०४ म्हणजे नाव किंवा वाट चुकली, मागे जा. "क्लिअरटेक्स्ट नॉट परमिटेड" म्हणजे फाइल आतली नाहीच, साध्या एचटीटीपी पत्त्यावरून मागितली जात आहे, आणि अँड्रॉइड ९ पासून ते मुळात बंद ठेवलेलं आहे. "कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी" असे शब्द असतील तर पानाच्या डोक्यावरच्या मेटा ओळीत कुठून काय घ्यायचं याची यादी आहे आणि तुमची फाइल त्या यादीत बसत नाही. "ओरिजिन नल" आणि "कॉर्स", किंवा "यूआरएल स्कीम फाइल इज नॉट सपोर्टेड" दिसलं तर लगेच खालचं वाचा. "नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स" असेल तर त्याच्याही पुढचं.

पत्ता

फोटो दिसतात, पण यादी रिकामी. याचं कारण एकदा नीट समजलं की पुढचे कितीतरी बिघाड आपसूक सुटतात.

ब्राउझर प्रत्येक पानाला त्याच्या पत्त्यावरून ओळखतो. पत्ता म्हणजे एचटीटीपीएस की आणखी काही, नाव कोणतं, पोर्ट कोणता. या तिन्हींना मिळून ओरिजिन म्हणतात. कोणत्या पानाने कोणती फाइल वाचायची हे त्यावर ठरतं. पण पान थेट फाइलच्या पत्त्याने उघडलं तर त्याला असा पत्ता नसतो, ब्राउझर त्याची ओळख "नल" अशी लावतो. सातबारा नसलेली जमीन कसता येते, पण तिच्यावर पीककर्ज निघत नाही, तसं आहे हे. अशा पानाला फोटो दाखवता येतो, साधी स्क्रिप्ट जोडता येते. पण जावास्क्रिप्टचं "फेच" वापरून जेएसओएन फाइल, म्हणजे यादीची माहिती ठेवलेली फाइल वाचायची म्हटली, किंवा मॉड्यूल पद्धतीची स्क्रिप्ट जोडायची म्हटली, की त्याला अडवलं जातं. म्हणून फोटो आहेत आणि यादी नाही.

हे घरबसल्या तपासता येतं. कंप्युटरवर इंडेक्स फाइलवर दोनदा क्लिक करून ती क्रोममध्ये उघडा. यादी तिथेही रिकामी आली तर हाच बिघाड. ॲप बनवणारे कंप्युटरवरच पान पुरवणारा लाइव्ह सर्व्हर लावून बघतात, त्यात पानाला पत्ता मिळतो, म्हणून त्यांना हा दोष कधी दिसत नाही.

लहान ॲप असेल तर स्वस्तातला उपाय आहे : जेएसओएन फाइलमधली माहिती एका साध्या जेएस फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून ठेवा आणि ती स्क्रिप्टच्या ओळीने जोडा. साध्या स्क्रिप्टला अडवणूक नाही. किडींची यादी, शब्दकोश एवढ्यासाठी हे पुरतं.

मोठ्या ॲपसाठी खरा उपाय म्हणजे पानाला पत्ता देणं. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी वेबव्ह्यू ॲसेट लोडर आहे. तो ॲपमधल्याच फाइल एका एचटीटीपीएस पत्त्यावरून आल्यासारख्या पुरवतो. नेट लागत नाही, सगळं मोबाइलमध्येच घडतं. कॉर्डोव्हा अँड्रॉइडने २०२१ मध्ये आवृत्ती १० पासून हीच पद्धत मूळची केली, पान "एचटीटीपीएस लोकलहोस्ट" या पत्त्यावर उघडतं, लोकलहोस्ट म्हणजे तोच मोबाइल. कपॅसिटर तर सुरुवातीपासून लोकलहोस्टवरच चालतो.

इंटरनेटवर शोधलं तर तिसराच उपाय आधी सापडेल : वेबव्ह्यूच्या सेटिंगमध्ये फाइलच्या पत्त्यांवरून सगळीकडे प्रवेश द्यायची "अलाउ युनिव्हर्सल ॲक्सेस" ही कळ "ट्रू" करा. करू नका. मी हे हात जोडून सांगतो. त्या कळीने यादी लगेच दिसते, हे खरं आहे. पण मग त्या पानात कुठूनही घुसलेली एखादी स्क्रिप्ट ॲपच्या खासगी फाइल वाचून बाहेर पाठवू शकते. ज्या ॲपमध्ये बचत गटातल्या बायांचा हिशेब आहे त्यात हे दार उघडं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. अँड्रॉइडनेच ही सेटिंग २०१२ च्या जेली बीनपासून मुळात बंद ठेवली आणि अँड्रॉइड ११ पासून तिला बाद ठरवलं.

आता ती नोंदी हरवण्याची गोष्ट. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर इकडे ज्या शेतकरी गटाशी माझा संबंध आला, त्यांच्या ॲपमध्ये दोन गोष्टी नक्की असाव्यात असं मी ठरवलं : विषबाधेची लक्षणं आणि पहिले काय करायचं याचं पान, जे नेटवर्कशिवाय उघडलंच पाहिजे, आणि कोणत्या दिवशी कोणतं औषध किती पंप मारलं याची नोंद. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच करतात.

त्या ॲपचं कॉर्डोव्हा मी जुन्यावरून दहाच्या पुढे नेलं. फोटो दिसले, यादी दिसली, मी अपडेट पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका काकाजींचा फोन. "भाऊ, मायी फवारणीची वही कोरी दिसून राहिली. पुरा हंगाम लिवला होता मी त्याच्यात." माझ्या पोटात गोळा आला. नोंदी लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे वेबव्ह्यूच्या स्वतःच्या साठ्यात होत्या, आणि लोकल स्टोरेज पत्त्याला बांधलेलं असतं. पान फाइलच्या पत्त्यावरून लोकलहोस्टवर गेलं आणि जुनी वही जुन्या पत्त्यावरच राहिली. पुसली गेली नव्हती, दिसत नव्हती. ॲप काढून टाकलं असतं तर मात्र कायमची गेली असती. मी आधी सगळ्यांना निरोप धाडला की कोणी काही अनइन्स्टॉल करू नका. मग कॉर्डोव्हाची "इनसिक्युअर फाइल मोड" ही सेटिंग तात्पुरती चालू करून एक मधली आवृत्ती बनवली. तिने जुन्या पत्त्यावर उघडून नोंदी वाचल्या आणि मोबाइलमध्ये एका फाइलमध्ये उतरवल्या. पुढच्या आवृत्तीने त्या नव्या पत्त्यावर भरल्या आणि ती सेटिंग पुन्हा बंद केली. काकाजींची वही परत आली.

कपॅसिटर वापरणाऱ्यांनीही जपून असावं. २०२४ च्या आवृत्ती ६ मध्ये अँड्रॉइडवरचा मूळ पत्ता एचटीटीपीवरून एचटीटीपीएस झाला. एवढ्या एका अक्षरानेही ओरिजिन बदलतो. आधीच्या नोंदी हव्या असतील तर सेटिंगमध्ये "अँड्रॉइड स्कीम" पूर्वीचीच लिहून ठेवा. आणि महत्त्वाच्या नोंदी लोकल स्टोरेजमध्ये ठेवूच नका, एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये किंवा फाइलमध्ये ठेवा.

ॲपच्या बाहेरच्या फाइल

गॅलरीतला फोटो, उतरवून ठेवलेला आवाज, मेमरी कार्डातली पीडीएफ. हे प्रकरण निराळं, कारण इथे अँड्रॉइडची परवानगी मध्ये येते.

फोटो निवडायचं बटण दाबून काहीच होत नसेल तर वेबव्ह्यूला फाइल निवडायची खिडकी उघडायला शिकवलेलं नाही. स्वतः जावा किंवा कोटलिनमध्ये वेबव्ह्यू बांधला असेल तर ते हाताने लिहावं लागतं, कॉर्डोव्हा आणि कपॅसिटरमध्ये ते आधीच केलेलं असतं. "नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स" येत असेल तर पान लोकलहोस्टवर आहे आणि फोटो फाइलच्या पत्त्याने मागितला जातोय. कपॅसिटरमध्ये "कन्व्हर्ट फाइल एसआरसी" हे फंक्शन तो पत्ता पानाला चालेल असा करून देतं.

ॲपने पूर्वी उतरवलेल्या फाइल टार्गेट (ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बनवलं ते सांगणारा आकडा) वाढवल्यावर दिसेनाशा झाल्या असतील तर त्याचं कारण असं : ज्या ॲपचं टार्गेट एपीआय ३० (म्हणजे अँड्रॉइड ११) किंवा वर आहे त्यात वेबव्ह्यूची "अलाउ फाइल ॲक्सेस" सेटिंग मुळात बंद असते. प्ले स्टोअरने २०२१ मध्ये नव्या ॲपसाठी ऑगस्टपासून आणि अपडेटसाठी नोव्हेंबरपासून एपीआय ३० सक्तीचं केलं, तेव्हा अनेकांना हा दणका बसला. ॲसेट्समधल्या फाइल तरीही दिसतात, म्हणून माणूस गोंधळतो. उपाय तोच, ॲसेट लोडरला त्या फोल्डरचीही वाट दाखवून द्या. अँड्रॉइड १३ पासून फोटो, व्हिडिओ आणि आवाज यांच्या परवानग्याही वेगवेगळ्या झाल्या आहेत. पण माझं मत सांगतो : जमेल तिथे परवानगी मागूच नका, वापरणाऱ्याला अँड्रॉइडच्या खिडकीतून फाइल निवडू द्या आणि तिची प्रत ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फोटो नंतर गॅलरीतून पुसला तरी ॲपमधला राहतो.

कुठे थांबायचं

ॲपमध्ये लोकांच्या नोंदी आहेत आणि त्यांची प्रत तुमच्याकडे नाही, तर पत्ता बदलणारं कोणतंही अपडेट स्वतः पाठवू नका. जावा किंवा कोटलिनमधला वेबव्ह्यूचा कोड तुम्हाला वाचता येत नसेल तर नेटवरून तुकडा उचलून चिकटवू नका. ॲपमध्ये आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा पैशाचा व्यवहार असेल तर पहिल्या दिवसापासूनच हे जाणकाराचं काम. ॲपवर सही करायची की फाइल हरवली असेल तर नवी की बनवून भलत्याच नावाने ॲप चढवू नका, प्ले कन्सोलमधून अपलोड की बदलून मागायची सोय असते, ती ज्याने केली आहे त्याच्याकडून करून घ्या. आयफोनवरचा बिघाड असेल तर मॅक लागतो. माझ्याकडे तो नाही, अशी कामं मी सरळ नागपूरला पाठवतो.

वरच्या साऱ्या तपासण्या करून दोन दिवस झाले आणि कन्सोलमधली लाल ओळ तीच राहिली, तरीही थांबा. जाणकाराकडे जाताना बरोबर न्या : बिघडलेली एपीके, त्याआधीची चालणारी एपीके, पूर्ण कोडचं फोल्डर, कॉर्डोव्हा किंवा कपॅसिटरची आवृत्ती, मोबाइलचं मॉडेल, अँड्रॉइड आणि वेबव्ह्यूची आवृत्ती, लाल ओळीचा फोटो, आणि सुरुवातीला लक्षणं लिहिलेला तो कागद. ज्या मोबाइलवर नोंदी अडकल्या आहेत तो चार्ज करून, काहीही न काढता, तसाच घेऊन जा.